माळव्याचा हिशेब

पुण्याच्या मंडईत सकाळी आठच्या सुमारास शिरावं. त्याआधी गेलं तर माल लागत असतो, हातगाड्या आडव्या उभ्या असतात आणि गिऱ्हाइकाशी बोलायला कुणाला सवड नसते. दहानंतर गर्दीत नुसतं पुढे सरकणं होतं. आठला गाळे नुकते रचून झालेले असतात, भवानी व्हायची असते किंवा आत्ताच झालेली असते, आणि मधल्या अष्टकोनी मनोऱ्याखालून चहूकडे फुटणाऱ्या वाटांवर वरून ऊन उतरलेलं असतं. ओल्या गोणपाटाचा, कोथिंबिरीच्या मुळांना चिकटलेल्या मातीचा आणि कुठून तरी येणाऱ्या उदबत्तीचा वास एकत्र येतो. हा वास मला दुसऱ्या कुठल्याही बाजारात मिळालेला नाही.

आतले गाळेवाले उंचावर मांडी घालून बसतात आणि भाजी त्यांच्यापुढे उतरती रचलेली असते. माझ्या ओळखीचे एक काका आहेत. त्यांचे वडील याच गाळ्यावर बसत, त्याआधी आजोबा. काका टोमॅटो रचत असताना मी कितीदा तरी नुसती उभी राहिले आहे. प्रत्येक टोमॅटो फडक्याने पुसायचा, बोटांत फिरवून बघायचा, नरम लागला तर डावीकडच्या टोपलीत टाकायचा, घट्ट असेल तर देठाची बाजू खाली करून रांगेत बसवायचा. एक रांग पुरी झाली की तिच्यावर खाचांमध्ये दुसरी. खालचा एक हलला तर सगळा डोलारा गडगडेल, पण तो कधी हलत नाही. डावीकडची टोपली दुपारी एखाद्या खानावळीवाल्याला अर्ध्या भावात जाते. "वरती चांगला आणि खाली सडका असला धंदा आमच्यात नाही, ताई. खालचा काढून बघा," असं ते म्हणतात, आणि खरंच काढून दाखवतात.

मंडईत भाजी हातांना कळते. गवारीची शेंग मध्ये मोडली की कट् आवाज आला पाहिजे, धागा निघता कामा नये. भेंडीचं टोक तुटलं पाहिजे, वाकता कामा नये, पण ते गिऱ्हाइकाने तोडलेलं विक्रेत्याला खपत नाही, म्हणून मावशी स्वतःच एक तोडून दाखवतात. दुधी नखाने दाबायचा नाही, हातात घेऊन वजन बघायचं. अळू मागितलं की पहिला प्रश्न येतो, "वडीचं देऊ का फदफद्याचं?" काळ्या देठाची, जाड, मोठी पानं वडीची. आणि फदफद्यासाठी घेतलं तर मुळा, ओले शेंगदाणे आणि चुक्याची छोटी जुडी न सांगता पुढे सरकवली जाते. लग्न होऊन आलेल्या कितीतरी मुली स्वयंपाकाचा अर्धा भाग इथेच उभ्या उभ्या शिकल्या असतील. विचारलं की सांगणाऱ्या बायका इथे आहेत, आणि त्या भाजी विकून झाल्यावरही सांगत राहतात.

महिने तर इथे नजरेला दिसतातच. पौषात भोगीच्या आधी पावट्याच्या आणि वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, लहान काटेरी वांगी, बोरं, उसाचे करवे, गाजरं सगळं एकदम येतं, आणि भोगीच्या भाजीचं सगळं एकाच ठिकाणी मांडून बसलेल्या बायका बाहेरच्या पदपथावर दिसतात. पुरंदरचा मटार हिरवागार उतरतो, त्याच तालुक्यातले अंजीर कागदात निजवून ठेवलेले असतात. उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या, आणि शेजारीच भला मोठा अडकित्ता घेऊन त्या फोडून देणारा माणूस. बाठीसकट फोड पडताना होणारा तो खटखट आवाज सगळ्या गल्लीत ऐकू जातो. मग करवंदं आणि जांभळं, आणि पाऊस लागला की टाकळा, कुरडू, फोडशी. या रानभाज्या आतल्या गाळ्यांवर फारशा दिसत नाहीत. त्या पहाटेच्या गाडीने आलेल्या बायकांच्या पाटीत असतात आणि दुपारच्या आत संपतात.

पण मंडईचा खरा दिवस विचाराल तर मी गणपती बसायच्या आदल्या दिवसाचं, हरतालिकेचं नाव घेईन. दुर्वांच्या जुड्या, पत्री, शमी, केवडा, केळीची पानं, नारळांच्या राशी, आणि या सगळ्यांच्या मधून वाट काढत ऋषिपंचमीच्या भाजीचे वाटे शोधणाऱ्या बायका. त्या भाजीला फोडणी नाही, मसाला नाही. अळू, लाल माठ आणि त्याचे जाड देठ, सुरण, पडवळ, शिराळं, लाल भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे असं जे असेल ते एकत्र शिजवायचं. नियम एवढाच, की बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. नांगराखाली आलेल्या जमिनीतलं नको, परसात हाताने लावलेलं हवं. मी एका मावशींकडून वाटा घेते, त्या खेड-शिवापूरच्या बाजूने येतात. दर वर्षी त्या न विचारता सांगतात, "खुरप्यानं केलंय बाई. बैल नाही लागलेला." आणि आपले तळवे पुढे करून दाखवतात. त्या तळव्यांना पडलेल्या घट्ट्यांवरून मला दर वेळी नजर काढून घेववत नाही.

या व्रताचं मला फार अप्रूप आहे. वर्षातून एक दिवस आपलं ताट विचारतं, की हे कुणाच्या घामाचं? त्या दिवशी बैलाची आठवण ठेवायची. बैलामागे चालणाऱ्या माणसाची आठवण कधी ठेवायची, हे कुठल्या व्रताने सांगितलं नाही. ते जोतिराव फुल्यांनी सांगितलं, आणि आज या इमारतीला त्यांचंच नाव आहे.

ही इमारत उभी राहिली तेव्हा मात्र तिला तेव्हाच्या गव्हर्नरचं, लॉर्ड रे यांचं नाव होतं. त्याआधी पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात विकली जाई, उन्हात आणि पावसात, गोणपाट अंथरून. नगरपालिकेने शुक्रवार पेठेत पक्की मंडई बांधायची ठरवली. नकाशा कर्नल वॉल्टर ड्यूकॅट यांचा, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचं. १८८६ साली रे मार्केट खुलं झालं. दगडी भिंती, टोकदार कमानी, उंच मनोरा, सगळी गॉथिक धाटणी. भाजी विकायला एवढी देखणी जागा महाराष्ट्रात क्वचितच कुठे बांधली गेली असेल, आणि मुंबईचं १८६९ चं क्रॉफर्ड मार्केट सोडलं तर मला दुसरी आठवत नाही. योगायोग असा, की पुढे त्या मार्केटलाही जोतिरावांचंच नाव दिलं गेलं. त्याच्या दारावर लॉकवुड किपलिंगने घडवलेली शिल्पं आहेत, आणि त्यांत शेतात राबणारी माणसं आहेत. पुण्याच्या इमारतीवर तशी माणसं नाहीत. ती बाहेर पदपथावर बसलेली असतात.

जोतिराव त्या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि मंडईच्या या योजनेला त्यांनी विरोध केला होता. लाखांवारी पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो लोकांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी मुलींची शाळा जिथे सुरू केली तो भिडेवाडा मंडईपासून चालत काही मिनिटांवर होता, त्यामुळे हे म्हणणं कुणा परक्याचं नव्हतं. आणि भाजीच्या धंद्यातलंही त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. घराणं माळ्याचं, फुलं-भाजीपाल्याच्या व्यवसायातलं, आणि मांजरीला त्यांची स्वतःची शेती होती. मांजरीहून गाडी पुण्यात यायला किती वेळ लागतो, वाटेत कोण कोण हात पुढे करतं आणि परत जाताना हातात काय उरतं, हे त्यांना पाठ होतं.

मंडई बांधली जात होती त्याच वर्षांत त्यांनी 'शेतकऱ्याचा आसूड' लिहिलं. १८८३ मध्ये ते लिहून पुरं झालं. त्यात शेतकऱ्याच्या घराचं, गोठ्याचं, जेवणाचं जे वर्णन आहे ते वाचताना अंगावर येतं. पण मंडईत जाणाऱ्या कुणीही वाचावी अशी त्यातली एक जागा आहे. शेतकरी गाडीभर माळवं शहरात विकायला आणतो. वजनात मारणारे दलाल आपला वाटा काढतात, नगरपालिकेची जकात आपला वाटा काढते, आणि गाडीभाडं तो पदरचं भरतो. घरी पोरंबाळं वाट बघत असतात आणि हा रिकाम्या हाताने परत येतो. जोतिराव हे सगळं एका दमात लिहून जातात, पण त्या एका दमात पुण्याच्या बाजाराचा सगळा हिशेब मांडलेला आहे.

आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. ज्याने इमारतीला विरोध केला त्याचंच नाव तिला दिलं, याची काहींना गंमत वाटते. मला ते नाव अगदी जागच्या जागी वाटतं. मंडईच्या एका अंगाला लोकमान्यांचा पुतळा आहे, १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंनी त्याचं अनावरण केलं, आणि अनंत चतुर्दशीची मानाची मिरवणूक तिथून निघते. त्या पुतळ्यापुढे हजारोंनी हात जोडले जातात. जोतिरावांचं नाव मात्र रिक्षावाल्याच्या, गाळेवाल्याच्या, पिशवी घेऊन निघालेल्या माणसाच्या बोलण्यात रोज येत असतं. "फुले मंडईत जाऊन येते," एवढं म्हटलं तरी ते आलं. ज्या जागी माळव्याचा भाव ठरतो त्या जागेला माळव्याचा हिशेब मांडणाऱ्याचं नाव असावं, याहून योग्य काय?

तो हिशेब आज कसा आहे ते बघायचं तर मंडईत बघून चालत नाही. घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला त्याला आता काही दशकं झाली. तिथे पहाटे जावं लागतं, अंधार असताना. जुन्नर, खेड, पुरंदर, दौंड, शिरूर अशा सगळ्या बाजूंनी टेम्पो आलेले असतात. गाळ्यापुढे मेथी-कोथिंबिरीचे ढीग इतके उंच, की पलीकडचा माणूस दिसत नाही. पालेभाजी शेकड्यावर जाते, म्हणजे शंभर जुड्यांचा भाव बोलला जातो, आणि फळभाजी दहा किलोवर. आपण मंडईत एका जुडीची घासाघीस करतो तेव्हा तिचा मूळ भाव तिथे शेकड्यात ठरून गेलेला असतो, आणि तो ठरवताना ती पिकवणाऱ्याला फारसं कुणी विचारलेलं नसतं. आदल्या दिवशी जास्त आवक झाली की भाव कोसळतो. कोथिंबीर थांबत नाही, त्यामुळे शेतकऱ्यालाही थांबता येत नाही.

एकदा तिथे एक गृहस्थ टेम्पोच्या फाळक्यावर बसून चहा पीत होते. सत्तरीचे असावेत. माझ्या हातातली पिशवी बघून त्यांनी विचारलं, "बाई, इथं किरकोळ घ्यायला आलात व्हय?" बोलता बोलता त्यांनी खिशातून आडत्याने दिलेली पट्टी काढली. अशी पट्टी मी तोवर हातात धरलेली नव्हती. पातळ कागद, वर गाळ्याचा नंबर, खाली डाग किती, वजन किती, भाव काय, रक्कम किती. मग उजव्या बाजूला एकाखाली एक उतरत गेलेली वजावट, हमाली, तोलाई, भाडं. आणि तळाशी रेघ मारून लिहिलेली, वर्तुळ केलेली एक रक्कम. त्यांनी त्या वर्तुळावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "ह्यात बियाणं, औषध, मजुरी बसवायची. कशी बसवू सांगा." मी सांगू शकले नाही. त्यांनाही उत्तर नको होतं. चहाचा कागदी कप चुरगाळून त्यांनी पट्टी घडी करून पुन्हा आतल्या खिशात ठेवली, ती घरी दाखवायची होती म्हणून.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा घालणाऱ्या एका शेतकऱ्याला सगळी वजावट जाऊन २ रुपयांचा धनादेश मिळाला. ती बातमी सगळ्यांनी वाचली, दोन दिवस हळहळ झाली. मला ती बातमी वाचताना 'आसूड'मधली ती गाडी आठवली. मध्ये १४० वर्षं गेली आहेत. गाडीच्या जागी टेम्पो आला. जकात नाक्यावर थांबून पावती फाडायची नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून मोकळ्या केल्या, आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यायची असं ठरलं, शेतकरी आपला माल कुठेही विकू शकतो हे कायद्याने मान्य झालं. हे सगळं चांगलं झालं, आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं आरडाओरडा केला त्यांचे उपकार आहेत. पण दोन एकरवाल्याला रोज पुण्यात येऊन पदपथावर बसता येत नाही, आणि त्याची कोथिंबीर अजूनही थांबत नाही.

याचा सगळा राग मंडईतल्या विक्रेत्यावर काढणारी माणसं मला भेटतात. यार्डात पाच रुपये आणि इथे पंधरा, म्हणजे लूटच, असं ती म्हणतात. त्यांनी एक दिवस काकांच्या डावीकडच्या टोपलीकडे बघावं. पहाटे घेतलेल्या पालेभाजीतली किती संध्याकाळी गाईपुढे जाते ते बघावं. टेम्पोचं भाडं, पोऱ्याचा पगार आणि दिवसभराची बैठक यांतून गाळेवाल्याच्या हाती जे राहतं त्यात माड्या बांधता येत नाहीत. आतल्या गाळ्यांवर आता कितीतरी ठिकाणी पुढची पिढी बसत नाही. काकांचा मुलगाही बसत नाही.

आणि डोक्यावरून ओझं वाहणारे. मंडईत आणि नाना पेठ, भवानी पेठेच्या बाजारांत पोती वाहणाऱ्या हमालांसाठी बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, तिथून 'कष्टाची भाकर' निघाली, जिथे स्वस्तात पोटभर जेवण मिळतं. १९६९ च्या माथाडी कायद्यामागेही अशाच चळवळी होत्या. बाजारातला सगळ्यात मुका माणूस संघटित झाला आणि त्याने आपली मजुरी ठरवून घेतली, ही या शहराच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. यार्डात सकाळी हमाली मोजून दिली जाताना बघितली की मला बरं वाटतं. तेवढी पक्की रक्कम पिकवणाऱ्याच्या नावासमोर अजून कुणी लिहिलेली नाही.

आता तर भाजी घरी येते, दहा मिनिटांत. माझ्या शेजारची मुलगी नोकरी करते, तिला दोन लहान मुलं आहेत, ती तशीच भाजी मागवते आणि तिने मंडईत यावं असा हट्ट मी धरणार नाही. पण त्या पिशवीवर नुसतं 'कोथिंबीर, १०० ग्रॅम' असतं. विचारायला समोर माणूस नसतो. तिथे गवार मोडून दाखवणारं कुणी नाही, आणि खुरप्याचे घट्टे पुढे करणारं तर नाहीच. मंडई टिकावी असं मला वाटतं ते ती जुनी आणि देखणी आहे म्हणून कमी, आणि या एका कारणासाठी जास्त. इथे अजून विचारता येतं.

येणं आता सोपंही झालं आहे. मंडईचं भुयारी मेट्रो स्थानक २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झालं, गाडी लावायची कटकट उरली नाही. तेव्हा या. भाव विचाराल तेव्हा त्याच्या जोडीला एवढंही विचारा, की माल कुठला, कुणाचा, आणि यार्डात आज शेकडा काय गेला. विक्रेते सांगतात. आणि वर्षातून एखाद्या पहाटे गुलटेकडीला जाऊन कुणाच्या तरी हातातली पट्टी वाचा, अगदी तळाच्या रकमेपर्यंत.